व्हरतलो कितें?

गेल्या मे महिन्यात आमच्या वाड्यावरचं एक बंद घर फोडलं. घरवाले मुंबईला असतात, घर वर्षातनं दोनदा उघडतं, चवथीला आणि जत्रेला, त्यामुळे चोर नक्की कधी येऊन गेला ते कोणालाच सांगता येईना, मार्चमध्येही आला असेल. नेलं काय, तर न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण, दोन समया आणि गॅसचा सिलिंडर. माझा भाऊ मस्कतला असतो, त्याला ही बातमी आम्हाला कळायच्या आधी कळली, आणि संध्याकाळी त्याचा फोन येईपर्यंत त्यानं फोंड्यातल्या एका दुकानात चार कॅमेऱ्यांचे पैसे भरूनही टाकले होते. आता नको म्हणायची सोयच नाही.

कॅमेरे बसवायला पंचवीसेक वर्षांचा एक पोरगा आला. शिडी भिंतीला टेकवली, अंगणात उभा राहिला आणि पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, जसा माडाकडे बघतो तसं त्यानं आमच्या घराकडे खालून वर बघितलं. मग विचारलं, "खंयच्यान येतलो?" म्हणजे चोर येईल तर कुठून येईल. आई रांदणीकडे, म्हणजे चुलीपाशी होती, ती तिथूनच, "पूण येतलो कोण?" आणि बाबा वसरीवर पेपर वाचत बसले होते ते पेपर खाली न करता म्हणाले, "येतलो, बरें. आनी व्हरतलो कितें?"

(आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी, आजोबांच्या चोपड्यांपासून हे असंच चालत आलंय. येतलो म्हणजे येणार, व्हरतलो म्हणजे नेणार, एवढं कळलं की बास.)

मला हसू आलं, कारण ह्या तीन प्रश्नांवर माझं पोट चालतं. मी सॉफ्टवेअरच्या सिक्युरिटीत आहे, बेंगळुरूत बारा वर्षं काढली आणि आता गोव्यात, फोंड्याजवळ प्रियोळला बसून करते, नेट असेल तेव्हा. माझ्या कामाला थ्रेट मॉडेलिंग म्हणतात. एखादं ॲप किंवा सिस्टीम बांधायच्या आधी, किंवा बांधून झाल्यावर घाबरून, लोक आम्हाला बोलावतात आणि आम्ही फळ्यासमोर उभं राहून दोन दिवस वाईट विचार करतो. सुरुवात कुठून करायची ह्यावर ह्या धंद्यात जुनी भांडणं आहेत. एक गट म्हणतो आधी मोलाच्या वस्तूंची यादी करा, ॲसेट, मग त्यांच्याभोवती भिंत. दुसरा म्हणतो आधी हल्लेखोर कोण ते बघा, त्याला काय हवंय, त्याच्याकडे पैसा किती, वेळ किती. तिसरा म्हणतो ते दोन्ही ठेवा बाजूला, सिस्टीमचं चित्र काढा, माहिती कुठून येते, कुठे जाते, कुठली रेघ ओलांडते, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे काय बिघडेल. बाबा, आई आणि शिडीवाला पोरगा. फक्त आमच्याकडे ह्या तीन प्रश्नांना बराच मोठा इनव्हॉइस लागतो.

बाबांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याला गोव्यात पुरावे दगडाचे आहेत.

आग्वादचा किल्ला टुरिस्ट लोक बघतात तो दीपगृहासाठी आणि फोटोसाठी. आम्हालाही शाळेच्या सहलीत तेच दाखवलं होतं, भिंत, खंदक, तोफांच्या जागा, १६१२ साली पुरा झाला, डचांच्या भीतीनं बांधला. मी लहान असताना मला वाटायचं भिंत इतकी जाड आहे म्हणजे आत काहीतरी खजिना असणार. आत काय आहे, तर पाणी. नावातच आहे, पोर्तुगीजमध्ये आग्वा म्हणजे पाणी. वरच्या चौकात जमिनीखाली खांबांवर उभं केलेलं टाकं आहे, सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलनांचं, आणि टेकडीवर गोड्या पाण्याचे झरे. लिस्बनहून महिनोन्महिने समुद्र कापत आलेलं जहाज मांडवीच्या तोंडाशी पोचायचं तेव्हा त्याला आधी पाणी हवं असायचं, जाताना तर हवंच. पाणी नसेल तर जहाज नाही, जहाज नसेल तर गोव्यातला पोर्तुगीज म्हणजे नुसता एक माणूस. ज्यानं किल्ल्याची जागा ठरवली त्यानं पहिला प्रश्न बाबांचाच विचारला असणार. १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी आग्वादच्या आसपासचा मुलूख, बारदेस, घेतलं, पण आग्वाद आणि रेईश मागूश हे दोन किल्ले पडले नाहीत. गावं गेली, शेतं गेली, माणसं तिथेच राहिली त्यांचं जे व्हायचं ते झालं, पाणी तेवढं राखलं. हे वाचताना मला नेहमी जरा अस्वस्थ होतं. मोलाच्या वस्तूंची यादी करणारा हात कोणाचा, हे यादीत कुठे लिहिलेलं नसतं.

ह्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, मंगेशाचं देऊळ. मूळ देऊळ झुवारी नदीपलीकडे, कुठ्ठाळीला, जुन्या कुशस्थळीत. साष्टी (गोव्यातली, कुशस्थळी तिच्यातच) आणि बारदेस पोर्तुगीजांकडे गेलं १५४३ मध्ये, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथली देवळं मोडायला लागली. कुशस्थळीच्या लोकांकडे तोफा नव्हत्या, किल्ला नव्हता, देऊळ वाचवायची काही सोयच नव्हती. त्यांनी १५६० मध्ये देव उचलला आणि नदी ओलांडून इथे प्रियोळच्या हद्दीत आणला, हा अंत्रुज म्हाल, म्हणजे आताचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. केळशीची शांतादुर्गा १५६६ मध्ये कवळ्याला आली, वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळला. लहानपणी हे आम्हाला भक्तीची गोष्ट म्हणून सांगितलं, ती आहेच. पण आता मला त्यात एक अत्यंत थंड डोक्याचा निर्णय दिसतो. देऊळ म्हणजे नक्की काय? सभामंडप, तळी, दीपमाळ, शेतं, उत्पन्न, ह्यातलं काय गेलं तर देऊळ गेलं? त्यांनी ठरवलं की फक्त एवढं, एका माणसाला उचलता येईल एवढं, आणि बाकी सगळं सोडून दिलं. भिंत उंच करण्याच्या ऐवजी वस्तूच हलवली. आम्ही मीटिंगमध्ये हेच सांगत असतो, बाबांनो हा डेटा तुम्हाला लागतोच कशाला, आधार नंबर साठवूच नका म्हणजे चोरीला जायचा प्रश्न येणार नाही, आणि समोरचा मॅनेजर असा बघतो जसं काही आम्ही त्याचं घर मागतोय. अंत्रुज पोर्तुगीजांकडे आलं ते १७६३ मध्ये, दोनशे वर्षांनी, तोपर्यंत त्यांचा तो जोर उरला नव्हता आणि देवळं राहिली. दोनशे वर्षं पुरलेली सिक्युरिटी मी तरी दुसरी बघितली नाही. आमच्या पॅचला, म्हणजे सॉफ्टवेअरला लावलेल्या ठिगळाला, सहा महिने म्हणजे खूप झाले.

तर बाबांचा प्रश्न भारीच आहे. पण त्यात एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेय.

बरीच वर्षं झाली, एका पतसंस्थेच्या ॲपचं काम होतं (कुठली ते सोडा). आम्ही ॲसेटची यादी केली, खात्यातली रक्कम, सभासदांची माहिती, व्यवहारांच्या नोंदी, सगळ्यांना रंग दिले, लाल, केशरी, हिरवा. डेटाबेसभोवती एवढा बंदोबस्त केला की आमच्याच माणसांना आत जायला तीन सह्या लागायच्या. आणि नुकसान झालं ते कुठून, तर मोबाईल नंबर बदलायच्या फॉर्ममधून. सभासद बहुतेक म्हातारे, नंबर बदलला की त्यांना शाखेत येणं जमायचं नाही, म्हणून काउंटरवरची एक भली बाई फोनवर जन्मतारीख विचारून नंबर बदलून द्यायची. नंबर बदलला की ओटीपी नव्या नंबरावर. झालं. आमच्या यादीत तो फॉर्म नव्हताच, कारण त्याला स्वतःची काही किंमत नव्हती. ॲडम शोस्टॅक म्हणून ह्या विषयातला मोठा माणूस आहे, त्यानं हे फार नीट मांडलंय की लोक ॲसेट म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात, चोराला हवी ती वस्तू, तुम्हाला जपायची ती वस्तू, आणि ह्या दोन्हींकडे जायची पायरी. पायरीला कोण किंमत देतो? तो म्हणतो यादीपासून सुरू करूच नका, यादी करण्यातच लोक दमतात. आपण काय बांधतोय, त्यात काय बिघडेल, मग त्याचं काय करणार, आणि जे केलं ते नीट झालं का, हे चार प्रश्न विचारा. त्या प्रकरणानंतर मी हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. त्या बाईंची नोकरी गेली. खरं तर जायला हवं होतं आमचं कॉन्ट्रॅक्ट.

आईच्या प्रश्नाबद्दल मी थोडक्यात आटपते कारण तो मला फारसा आवडत नाही. येतलो कोण? तिची यादी तयारच होती, अमक्याच्या घराला रंग द्यायला आलेले बाहेरचे कामगार, भंगारवाला, स्कूटरवरनं चादरी विकणारा. म्हणजे जे जे अनोळखी आणि गरीब ते सगळे. आपल्याला माहीत असलेल्या चोरालाच आपण घाबरतो, नवा चोर डोक्यात येतच नाही. पोर्तुगीजांचे किल्ले समुद्राकडे आणि नदीकडे तोंड करून बसलेले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आलं ते मुख्यतः जमिनीवरनं, उत्तरेकडून आणि पूर्वेकडून, १८ तारखेच्या संध्याकाळी पणजीसमोर, मांडवीपलीकडच्या बेतीच्या काठावर उभं. अर्थात तोपर्यंत आग्वादचा तुरुंग झाला होता, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारी टी. बी. कुन्यांसारखी माणसं पूर्वी त्यात डांबलेली, तेव्हा हे उदाहरण जरा ओढून आणलेलं आहे हे मलाही कळतं. पण आईच्या यादीत आमच्या ओळखीचं एकही नाव नव्हतं, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. शत्रूची यादी नातेवाईकांनी करू नये.

खरा माझा जीव तिसऱ्या प्रश्नावर. खंयच्यान येतलो?

माझं आजोळ दिवाडीला, बेटावर. तिथे खाजन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून समुद्राकडून काढून घेतलेली, गोव्यात अशी साधारण १७-१८ हजार हेक्टर जमीन आहे आणि तिचा इतिहास पोर्तुगीजांच्या पुष्कळ मागे जातो. तिथे शत्रू कोण हे विचारायची गरजच नाही, खारं पाणी, ते दिवसातनं दोनदा येतं, कधी रजा घेत नाही. आणि राखायचं काय तेही माहीत आहे, भात. त्यामुळे सगळी अक्कल एकाच गोष्टीवर खर्च केलेली, पाणी शिरेल कुठून. बाहेरचा बांध चिऱ्यांचा आणि चिखलाचा, त्याच्या पुढे खारफुटी सोडलेली म्हणजे लाटेचा जोर तिथेच मोडतो. आत आणखी बांध, मातीचे, म्हणजे बाहेरचा फुटला तरी सगळं एकदम जात नाही. आणि त्यातूनही थोडं खारं आलंच तर आत पेरलेलं भात कोरगूट, ते थोडा खारेपणा सोसतं. आम्ही ह्याला डिफेन्स इन डेप्थ म्हणतो आणि सर्टिफिकेट देतो.

पण बांधाला भोक नसेल तर पावसाचं पाणी आतच कोंडून भात कुजेल. म्हणून मानस. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, आणि ते दार बसवलंय असं की ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं बाहेर उघडतं, आणि भरती आली की भरतीच्याच रेट्यानं बंद होतं. माझ्या मामानं मला लहानपणी तिथे बसवून हे दाखवलं होतं. आम्ही भरतीची वाट बघत बसलो, पाणी हळूहळू चढत आलं, दार जरासं हललं, मग आणखी जरासं, आणि मग धप्प. हल्ला करणाराच दार लावून घेतो. साल्ट्झर आणि श्रोडर ह्या दोघांनी १९७५ साली कॉम्प्युटरमधली माहिती कशी राखावी ह्यावर एक पेपर लिहिला, त्यातली आठ तत्त्वं आम्ही अजून पाठ करतो, त्यात एक असं की काहीच केलं नाही तर दार बंद असायला हवं, उघडायला कारण लागलं पाहिजे, बंद करायला नाही. पेपर वाचला तेव्हा मला बाकी काही आठवलं नाही, तो धप्प आवाज आठवला.

आणि हे सगळं बिघडतं कशानं तेही सांगते. पाणी आत घेताना मासे येतात, मानशीपाशी जाळं लावून ते धरायचा हक्क पावणीत जातो, म्हणजे लिलावात. पूर्वी गावकरी आणि कुळं मिळून दाराची देखरेख करायची, भात पहिलं आणि मासे नंतर. आता पुष्कळ ठिकाणी भातच कोणी लावत नाही आणि माशांना भाव आहे, त्यामुळे ज्याच्याकडे हक्क तो दार जास्त वेळ उघडं ठेवतो, खारं पाणी आत बसतं. बाहेरनं कोणी काही तोडलं नाही. दार राखणाऱ्याचा फायदा आणि दारामागच्या शेताचा फायदा वेगळा झाला एवढंच. आजोळच्या शेतात आता खारफुटी उगवलीय. मामा म्हणतो फोटोला बरी दिसते.

बरं, आमच्या घराकडे येते.

त्या पोराला मी घराचं चित्र काढून दिलं, सवयच आहे. आमच्या धंद्यात ट्रस्ट बाउंड्री म्हणतात, जिथे एक पातळीचा विश्वास संपून दुसरी सुरू होते ती रेघ. जुन्या घरात ती काढावी लागत नाही, तिला उंबरठा म्हणतात. अंगणात कोणीही, वसरीवर ओळखीचा, राजांगणात घरचा, देवघरात आणि रांदणीत आणखी कमी. आजीच्या काळी हे एवढं कडक होतं की आमच्या फायरवॉलनं शिकावं. फक्त त्या उंबरठ्यांनी चोर किती अडवले माहीत नाही, माणसं मात्र पुष्कळ अडवली, पिढ्यान्‌पिढ्या, आणि ती कोण होती ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी ह्या उपमेचं फार कौतुक करत नाही. तर चित्रात सगळे बाण मागच्या दारापाशी येऊन जमले. मासळीवाली मागच्या दारानं, दूधवाला मागच्या दारानं, कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, कामाला येणारे मागच्या दारानं, पाडेली मागच्या दारानं, आणि किल्ली तुळशीवृंदावनाच्या मागच्या कोनाड्यात, माझ्या आठवणीपासून तिथेच. केर्कहोफ्स नावाच्या एका डच माणसानं १८८३ मध्ये लिहून ठेवलंय की यंत्रणा शत्रूला माहीत आहे असंच धरून चाला, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आमच्याकडे बरोबर उलट, कुलूप कसं चालतं ते कोणाला कळत नाही, ते डावीकडे दाबून थोडं उचलावं लागतं, आणि किल्ली कुठे आहे ते अख्ख्या वाड्याला माहीत.

मी किल्लीची जागा बदलली. आठ दिवसांत ती परत कोनाड्यात. मी मागच्या फाटकाला नंबरवालं कुलूप आणलं, बाबांनी ते उघडंच लोंबत ठेवलं, म्हणाले पाडेल्यानं चष्मा लावून माडावर चढायचं काय. जे वापरायला जड ते लोक वापरणार नाहीत, हेही त्याच आठ तत्त्वांत आहे, मी कुठल्या तोंडानं वाद घालू.

कॅमेऱ्यांनी पहिल्या तीन महिन्यांत काय पकडलं ते ऐका. कोळी. रात्री कॅमेऱ्यातला लाल उजेड लागतो, किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगावरच जाळं विणतो, मग तो जवळून हत्तीएवढा दिसतो आणि मस्कतमध्ये माझ्या भावाचा फोन वाजतो. पाली. पाऊस, जून-जुलै तर नुसता पाऊसच. माकडं, टोळीच्या टोळी, शहाळी फोडून पाणी पिऊन कवटी कॅमेऱ्याकडे फेकणारी. एकदा रात्री दोन वाजता भावानं बाबांना उठवलं की मागे कोणीतरी आहे, ते बाबाच होते, न्हाणीकडे चाललेले. गणपतीपर्यंत भावानं अलर्ट बंद करून टाकले. इतके खोटे अलर्ट दिले की माणूस खरा अलर्टही बघत नाही, हा रोग मोठमोठ्या बँकांच्या कंट्रोल रूममध्येसुद्धा आहे.

आमच्यात एक पाढा आहे, स्ट्राइड म्हणतात, १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये लॉरेन कोनफेल्डर आणि प्रेरित गर्ग ह्या दोघांनी बसवलेला, सहा अक्षरं, सहा प्रकारचे धोके. दुसऱ्याचं सोंग घेणं, ऐवजात फेरफार, केलेलं नाकारणं, माहिती फुटणं, काम ठप्प पाडणं, आणि नसलेला अधिकार मिळवणं. प्रत्येक बाणावर हे सहा लावून बघायचे. पावसात नेट गेलं होतं तेव्हा वेळ जात नव्हता म्हणून मी घरावर लावून बघितले. सोंग, मीटर बघायला आलो म्हणणारा माणूस. ठप्प, माड पडून लाइट जाते, त्याला चोर लागत नाही. नाकारणं ह्यावर मी हसले, कारण आमच्याकडे त्याचं एकच जुनं प्रकरण आहे, पाडेली म्हणतो नारळ १३६ काढले आणि बाबांच्या वहीत १२६, आणि दर तीन महिन्यांनी हा वाद, दोघांचाही आवाज चढत नाही पण दोघंही सोडत नाहीत. आणि मग फेरफार. फेरफाराशी मी थांबले, कारण घरात फेरफार करण्यासारखं काय आहे हेच मला सुचेना.

ते सुचलं पेपर वाचताना. गोव्यात २०२२ मध्ये जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी पोलिसांचं विशेष तपास पथक नेमलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव ह्यांचा एकसदस्यीय आयोगही. प्रकार असा सांगितला जात होता, मालक परदेशात किंवा वारलेले, पुढच्या पिढीनं नाव चढवलेलं नाही, अशी जमीन शोधायची, जुन्या काळचं खरेदीखत बनवायचं, ते जुन्या दप्तरात शिरलं की त्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळते, आणि नक्कल दाखवून पुढे म्युटेशन, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नवं नाव. पुराभिलेखातल्या कर्मचाऱ्यांनाही अटक झाली होती. म्हणजे घर फोडायचं नाही, कुत्रा भुंकत नाही, कॅमेऱ्यासमोर कोणी येत नाही. घर आहे तिथेच, कुलूपही शाबूत, फक्त ते तुमचं नाही. हे सगळं मी तेव्हा वाचलं होतं, चुकचुकलेही होते, पण ह्या वेळी कुठल्याशा सुनावणीची दोन ओळींची बातमी होती आणि मी फोन काढून ऑनलाइन आमचा सर्व्हे नंबर घातला. फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्यातला सातबारा, कोणीही बघू शकतं, त्याला लॉगिनसुद्धा लागत नाही.

आमच्या घराच्या आणि कुळागराच्या एक-चौदावर आजोबांचं नाव आहे. आजोबा १९८७ मध्ये गेले. दुसरं नाव त्यांच्या भावाचं, ते मुंबईला गेले ते गेलेच. बाबांचं नाव कुठेच नाही.

मी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "नांव आसा न्हय आमचें?" आडनाव बरोबर आहे, एवढ्यावर ते निश्चिंत. मूळ खत लोखंडी ट्रंकेत, पोर्तुगीजमध्ये, घरात आता ते वाचणारं कोणी नाही आणि खालच्या तीन पानांना वाळवी लागलेली. चोर काय नेणार म्हणून बाबा महिनाभर चेष्टा करत होते, भाण न्या, समई न्या, आणि जे नेण्यासारखं होतं ते घरात नव्हतंच, ते पणजीतल्या आणि फोंड्यातल्या कपाटांत होतं, एका मेलेल्या माणसाच्या नावावर, म्हणजे उद्या कोणी अर्ज केला असता तर हरकतीची नोटीस आजोबांना गेली असती. तो तिसरा प्रश्न मी घरभर लावला, दारं, खिडक्या, फाटक, कौलं. चित्र काढताना कुंपणाशी पेन्सिल थांबवली. बारा वर्षं दुसऱ्यांना सांगतेय की चित्राची कड कुठे संपते ते आधी तपासा.

मग सुरू झालं ते अजून चालूच आहे. वारसांची यादी, त्यात मुंबईच्या काकांची तिसरी पिढी, एक जण कॅनडात, एक आत्या जिला ह्या सगळ्याचा संशय येतोय की मी अचानक सह्या का मागतेय. तिचं चुकत नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर ह्या घटकेला तिच्या हिश्शाला सगळ्यात मोठा धोका मीच आहे, कागद माझ्याकडे, वेळ माझ्याकडे, आणि घरात राहतो आम्ही. आईच्या यादीत ओळखीचं नाव नव्हतं म्हणून मी हसले होते ना. शेवटी मीच आत्याला ट्रंकेतल्या प्रत्येक पानाचा फोटो पाठवला, आणि वकिलांना सांगितलं की जो कागद मला द्याल तो तिलाही द्या. आता ती रोज फोन करून विचारते ह्या शिक्क्यावर काय लिहिलंय.

परवा मामलेदार कचेरीत बसले होते. माझा नंबर ४१, चालला होता १७, पंखा नुसता फिरत होता. फोनवर अलर्ट आला, मागचं दार. मी भावासारखे अलर्ट बंद केलेले नाहीत. बघितलं तर पाडेली. त्यानं कोनाड्यातनं किल्ली घेतली, कुलूप डावीकडे दाबून थोडं उचललं, एकेक करून नारळ आत खोलीत टाकले, बराच वेळ लागला, मी सगळं बघत बसले कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग दार लावलं, किल्ली जागेवर ठेवली. आणि जाता जाता थांबला, कोयती कमरेला अडकवली, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली येऊन वर बघितलं आणि हात वर केला. आधी एक बोट. मग तीन. मग दोन्ही हातांची मिळून सहा.

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले हो, मीच सांगितलंय त्याला, आता वही बंद.